क्योटोतला शेवटचा दिवस: नारा की फुशिमी इनारी?

किन्काकुजी पाहून झालं, कियोमिझुच्या पायऱ्या चढून-उतरून झाल्या, अराशियामाच्या बांबूंतले फोटोही काढून झाले. आता टोकियोची शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडायची आहे आणि मध्ये एक दिवस उरलाय. अशा वेळी यादीत बहुतेकांच्या दोनच जागा शिल्लक असतात: नारा आणि फुशिमी इनारी. दोन्ही क्योटोच्या दक्षिणेला, दोन्ही जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाईनवर. इनारी दुसरंच स्टेशन, पाच मिनिटांवर. नारा त्याच रुळांवर पाऊण तास पुढे. नकाशा बघितला की वाटतं, यात ठरवायचं काय, जाता जाता एक करू, येता येता दुसरं. त्या बेताबद्दल पुढे लिहिलंय. आधी एकेक जागा घेऊ.

शहर सोडायच्या दिवशी मी वेगवेगळ्या वेळी या दोन्ही ठिकाणी गेलो आहे. खाली लिहिलंय ते त्यावरूनच. तुमचं हॉटेल, ऋतू आणि सोबतची माणसं वेगळी असतील तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघेल, आणि ते चूक असेल असंही नाही.

नारा

नाराला कमी लेखायचा प्रश्नच नाही. क्योटो राजधानी व्हायच्या आधी, ७१० ते ७८४ या काळात, राजधानी इथे होती आणि त्या काळाचा भारदस्तपणा अजून जाणवतो. तोदाइजी या बौद्ध मंदिराच्या दक्षिण दरवाज्यात दोन्ही बाजूंना उभे असलेले लाकडी द्वारपाल १२०३ सालचे आहेत, उंची आठ मीटरहून जास्त. उन्केई, काइकेई हे शिल्पकार आणि त्यांच्या कारागिरांनी ते अवघ्या ६९ दिवसांत उभे केले. बरेच लोक बागेत मोकळ्या फिरणाऱ्या हरणांच्या नादात त्यांच्या मधून मान वर न करता निघून जातात. तुम्ही तसं करू नका, एवढंच सांगेन.

आत बसलेला महाबुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. तो वैरोचन बुद्ध. आपल्यासारख्याने तिथे थोडं जास्त थांबावं असं एक कारण आहे. ७५२ साली या मूर्तीचं नेत्रोन्मीलन झालं तेव्हा डोळ्यांत बुब्बुळं रेखण्याचा मान बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला मिळाला होता. हा माणूस ७३६ साली समुद्रमार्गे जपानला पोचला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते हातात धरले होते, म्हणजे त्या रेघेत सगळ्यांचा हात लागावा. तो कुंचला आणि तो निळा दोर शोसोइनच्या भांडारात आजही जपून ठेवलेला आहे. मूर्तीभोवतीची इमारत मात्र तेव्हाची नाही. ११८० आणि १५६७ साली ती जळाली. आज दिसते ती १७०९ सालची, रुंदीने मूळच्या साधारण दोन तृतीयांश. आत गेल्यावर 'दोन तृतीयांश' हे शब्द पटत नाहीत, इतकी ती मोठी वाटते.

हरणांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून फक्त कामाचं सांगतो. वाकून नमस्कार करतात ते खरं आहे, आणि बिस्किटं संपल्यावरही मागे लागतात हेही खरं आहे. त्यांना कागद फार आवडतो. नकाशा, पावती, तिकीट, काहीही चालतं. शेवटच्या दिवशी तुमच्या खिशात शिनकान्सेनचं छापील तिकीट असणार, ते आतल्या खिशात ठेवा. बिस्किटं हातात घेऊन त्यांना ताटकळत ठेवू नका, शर्ट ओढतात. लहान मुलं सोबत असतील तर बिस्किटांचा गठ्ठा मोठ्यांनी धरावा.

नाराची अडचण अशी की उत्तम गोष्टी टोकाला आहेत. महाबुद्धाच्या मागून वर चढत गेलात की निगात्सुदो लागतं. लाकडी ओसरी, समोर सगळं नारा, तिकीट नाही, रात्री-अपरात्रीही उघडं. दर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इथे ओमिझुतोरी होते, मशाली घेऊन सेवक याच ओसरीवरून धावतात, आणि ही प्रथा ७५२ पासून खंड न पडता चालू आहे असं मानतात. तिथून जंगलाच्या कडेने खाली वळलं की कासुगा ताइशा, सुमारे तीन हजार दिव्यांचं देऊळ. दगडी दिवे शेवाळलेले, कितीतरी झुकलेले. माझ्या मते नारा म्हणजे ही दुसरी अर्धी बाजू. आणि शेवटच्या दिवशी आलेली माणसं नेमकी महाबुद्धापाशी घड्याळ बघतात आणि मागे फिरतात. मीही तिथूनच फिरलो होतो. निगात्सुदोची ओसरी मी नंतर कधीतरी, कुठलीही गाडी पकडायची नव्हती तेव्हा पाहिली, आणि तेव्हा कळलं की आधी काय सोडून आलो होतो.

कोफुकुजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा बघायला म्हणून कोणी जाणार असेल तर जाण्याआधी चौकशी करा. तो मोठ्या दुरुस्तीसाठी झाकला गेला आहे आणि हे काम बरीच वर्षं चालणार आहे.

बाकी नाराच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. चालणं बहुतेक सपाटीवर. आई-बाबा सोबत असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, मुलं कंटाळत असतील तर तुलना इथेच संपते, नाराला जा. पाऊस लागला तरी महाबुद्धाच्या दालनात तासभर आरामात जातो. पण वेळेचं सोंग आणता येत नाही. जाऊन-येऊन दीड-दोन तास प्रवासात जातात आणि तिथे चार तास तरी हवेत. अर्ध्या दिवसात नारा उरकतं असं सांगणारे लोक बहुधा हरणं आणि बुद्ध एवढंच धरून चालतात.

फुशिमी इनारी

इनारीबद्दल माझा आधी थोडा आकसच होता. ज्या जागेचा एकच फोटो सगळ्यांकडे असतो त्या जागेबद्दल असतोच. लाल कमानी, एकामागे एक, मध्ये छत्री घेतलेली मुलगी. दिवसा दहानंतर तिथे जाऊन बघितलंत तर आकस वाढेलही, कारण कमानींच्या बोगद्यात माणसं मुंगीच्या पावलाने पुढे सरकत असतात आणि दर दोन पावलांवर कोणीतरी 'जरा थांबा हं' म्हणून फोटोसाठी उभं असतं.

पण हे देवस्थान बंद होत नाही. दरवाजा नाही, तिकीट नाही, वेळ नाही. पहाटे जा, मध्यरात्री जा. शेवटच्या दिवसाचा हिशेब मांडताना ही गोष्ट फार मोलाची ठरते आणि बहुतेक लोक ती धरतच नाहीत.

उजाडता उजाडता पोचलात तर जागा पूर्ण वेगळी असते. क्योटोत जूनमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, डिसेंबरअखेर सातला. हिवाळ्यात म्हणजे फार लवकर उठावंही लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पहिली कमान. मग सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा महाद्वार. आईच्या आजारपणात त्याने नवस केला होता आणि १५८९ साली तो फेडला, असं सांगतात. देवस्थान त्याहून कितीतरी जुनं, परंपरेने ७११ सालचं. इनारी म्हणजे तांदळाचा देव, कोल्हे त्याचे दूत. दगडी कोल्ह्यांच्या तोंडात कधी भाताची लोंबी असते, कधी किल्ली. ती धान्याच्या कोठाराची. पुढे व्यापाराची भरभराटही याच देवाकडे आली आणि म्हणून कमानी इतक्या. दहा हजारांच्या घरात आहेत म्हणतात. प्रत्येक कमान कोणीतरी दिलेली, बहुतेक एखाद्या दुकानाने किंवा कंपनीने. लाकूड कुजतं, रंग उडतो, मग जुनी काढून नवी उभी करतात.

वर जाताना कमानी कोऱ्या दिसतात. देणाऱ्याचं नाव आणि तारीख मागच्या बाजूला कोरलेली असते, म्हणजे ती अक्षरं उतरताना वाचायची. त्यामुळे ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत आलात तरी दुसरी जागा पाहिल्यासारखं होतं. अर्ध्यातून फिरणाऱ्या माणसाला याहून सोयीची रचना कोण करून देणार?

कमानींच्या पहिल्या दाट रांगेनंतर दोन गोल दगड ठेवलेले आहेत. मनात इच्छा धरायची आणि दगड उचलायचा. वाटला होता त्यापेक्षा हलका लागला तर इच्छा पुरी होणार, जड लागला तर थोडं थांबावं लागणार. दिवसा तिथे रांग असते. पहाटे कोणी नसतं, त्यामुळे हवं तितक्या वेळा उचलून बघता येतो. चालतं की नाही ते देव जाणे.

साधारण अर्ध्या-पाऊण तासात योत्सुत्सुजी येतं. डोंगराच्या अर्ध्यावर थोडी मोकळी जागा, चार वाटांचा चौक, खाली दक्षिण क्योटो पसरलेलं. नव्वद टक्के लोक इथून परततात असं माझं निरीक्षण आहे, मोजायला अर्थातच बसलो नव्हतो. डोंगर तसा २३३ मीटरचा, पुरी प्रदक्षिणा चार किलोमीटरच्या आसपास. शिखरावर बघण्यासारखं दृश्य नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वर जाऊन चिडाल. पण चौकाच्या वरच्या बाजूला छोट्या दगडी देवळ्यांची जी दाटी आहे, शेवाळ, मेणबत्त्यांचे डाग, तळहाताएवढ्या लाल कमानी, ती मला खालच्या प्रसिद्ध बोगद्यापेक्षा जास्त आवडली. तिथे गेल्यावर माझा आकस गेला.

उणं काय, तर पायऱ्या. खूप आहेत, आणि पावसात निसरड्या होतात. पहाटे वरची चहाची दुकानं बंद असतात. खालच्या रस्त्यावर नंतर उघडणाऱ्या दुकानांत कित्सुने उदोन (तळलेला टोफू घातलेल्या नूडल्स) मिळतं, पण शाकाहारी मंडळींनी नुसता तळलेला टोफू बघून हुरळून जाऊ नये. त्याचा रस्सा बहुतेक माशाच्या अर्काचा असतो, आणि इनारी सुशीचा टोफूही बऱ्याचदा तशाच पाण्यात मुरवलेला. आदल्या रात्री कोंबिनीतून (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून) काहीतरी घेऊन ठेवलेलं बरं. आणि हो, नाराच्या महाबुद्धासमोर जशी छाती दडपते तसं इनारीत काही घडत नाही. एकच एक थोर वस्तू तिथे नाही. कलेसाठी, मूर्तींसाठी प्रवास करणाऱ्याला दहा मिनिटांत 'झालं?' असं वाटू शकतं, आणि मी त्याच्याशी भांडणार नाही.

बॅग

इथपर्यंत वाचून नाराचं पारडं जड वाटत असेल तर बरोबर आहे. दोन्ही जागा मोकळ्या दिवशी समोर ठेवल्या तर मीही नाराच म्हणेन. पण तुम्ही विचारताय ते शेवटच्या दिवसाबद्दल, आणि शेवटच्या दिवशी तुमच्यासोबत एक तिसरं माणूस असतं. ते बोलत नाही, चालत नाही, त्याला चाकं असतात.

जपानमधली हॉटेलं दहा-अकराला खोली सोडायला लावतात. बॅग ते ठेवून घेतात, बहुतेक ठिकाणी पैसे न घेता, त्यामुळे वाटतं प्रश्न मिटला. मिटत नाही, कारण ती घ्यायला परत हॉटेलात यावं लागतं. हॉटेल क्योटो स्टेशनला चिकटून असेल तर ठीक. गिऑन, कावारामाची किंवा त्याच्याही वर राहिला असाल तर संध्याकाळी नाराहून स्टेशनात उतरायचं, तिथून शहरात जायचं, बॅग घ्यायची, आणि पुन्हा स्टेशनात यायचं. संध्याकाळी क्योटोच्या सिटी बसमध्ये मोठी बॅग घेऊन चढणं म्हणजे शेजारच्या सगळ्यांची माफी मागत केलेला प्रवास. कोणी काही बोलत नाही, त्यामुळे जास्त अवघड वाटतं.

म्हणून लोक लॉकरकडे वळतात. मीही वळलो. सकाळी खोली सोडून, बॅग ओढत स्टेशनात, तिथे लॉकरमध्ये टाकायची आणि तसंच नाराच्या गाडीत बसायचं. कागदावर याहून सरळ बेत नाही. प्रत्यक्षात मोठ्या आकाराचे लॉकर हंगामात सकाळीच भरून जातात. लहान लॉकर रिकामे दिसतात आणि तुमची बॅग त्यात चार बोटांनी मावत नाही. मग एका रांगेतून दुसऱ्या रांगेकडे, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, तुमच्यासारखीच चार-सहा कुटुंबं त्याच शोधात, सगळे एकमेकांकडे न बघता पावलं भरभर टाकतायत. कोणी लॉकर उघडून बॅग काढताना दिसलं की त्याच्यामागे अदबीने उभं राहायचं. दोष कुणाचाच नाही, बॅगा जास्त आणि कप्पे कमी. पण नाराच्या सकाळचा ताजा तास असा भुयारात जातो.

आणि खरी कटकट सकाळी नाहीच, ती संध्याकाळी. क्योटो स्टेशन १९९७ साली बांधलेलं, अवाढव्य. उत्तरेला कारासुमा बाजू, दक्षिणेला हाचिजो बाजू. शिनकान्सेनचे फलाट दक्षिणेला. जेआरच्या नारा लाईनने आलात तर गाडीतून उतरून बाहेर न पडता आतल्या आत शिनकान्सेनच्या गेटमधून जाता येतं, काही मिनिटांचं काम. ही सोय तुम्हाला वापरता येत नाही, कारण बॅग बाहेर आहे. सकाळी मिळेल त्या लॉकरात टाकलेली असल्यामुळे ती बहुधा नेमकी उत्तरेच्या बाजूला असते. म्हणजे बाहेर पडायचं, स्टेशन आडवं ओलांडायचं, सकाळी 'लक्षात राहील' म्हणून नीट न पाहिलेली रांग शोधायची, ज्या कार्डाने पैसे भरले तेच कार्ड कोणाच्या पाकिटात आहे ते शोधायचं, आणि बॅग घेऊन पुन्हा सगळं ओलांडून दक्षिणेला यायचं. हे सगळं डोक्यात असल्यामुळे नारात दुपारपासूनच घड्याळाकडे लक्ष जायला लागतं. महाबुद्धासमोर उभा असताना मी मनात लॉकरचा नंबर घोकत होतो. त्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला.

इनारीत हे सगळं उद्भवतच नाही. पहाटे उठा, बॅग खोलीतच राहू द्या, हातात पाण्याची बाटली घेऊन निघा. साडेआठ-नऊपर्यंत परत. अंघोळ, नाश्ता, बॅग बंद, आणि अकराला खोली सोडून थेट स्टेशन. स्टेशनात एकदाच यायचं, बॅगेसकट, आणि दक्षिणेच्या बाजूने गाडीत चढायचं. मध्ये काहीही बिनसलं, पाऊस आला, कुणाचा पाय दुखला, झोपच उशिरा उघडली, तरी कुठल्याही कमानीपासून मागे फिरता येतं आणि काही चुकल्यासारखं वाटत नाही. नारात अर्ध्यातून फिरलं की राहिलेलं अर्धं डोक्यात राहतं, माझ्या तरी राहिलं.

बॅगेचा दुसरा उपायही आहे आणि तो तुमचं उत्तर बदलू शकतो. आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून मोठी बॅग ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, टोकियोच्या हॉटेलात पाठवून द्यायची. फॉर्म तेच भरायला मदत करतात, पैसे आकारानुसार, आणि ठरलेल्या वेळेआधी दिलीत तर क्योटोहून टोकियोला दुसऱ्या दिवशी पोचते. पासपोर्ट, औषधं, एक जोड कपडे पाठीवरच्या पिशवीत ठेवा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. टोकियोच्या हॉटेलात चेक-इन ज्या नावावर आहे तेच नाव आणि तारीख फॉर्मवर असू दे. आणि अपार्टमेंटसारख्या जागी, जिथे काउंटरवर कोणी बसत नाही, तिथे बॅग घेणार कोण हे आधी विचारा. हे जमत असेल तर बॅगेचा मुद्दा गळून पडतो आणि नारा पुन्हा शर्यतीत येतं. मला स्वतःला आदल्या दिवशीच सगळं सामान बांधून मोकळं होणं जमत नाही. घरातल्या कुणालाच जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा शिस्तीचे आहात.

बॅग सोबतच नेणार असाल तर एक नियम लक्षात ठेवा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर मे २०२० पासून या शिनकान्सेनमध्ये मोठ्या सामानाच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते. जास्तीचे पैसे नाहीत. न राखता चढलात तर १,००० येन भरावे लागतात.

दोन्ही एकाच दिवशी?

होतं. पहाटे इनारी, अकराला खोली सोडून नारा, रात्रीची गाडी. तरुण असाल, बॅग पुढे पाठवली असेल आणि दुसऱ्या दिवशी टोकियोत काही ठरलेलं नसेल तर करून बघा. इनारीहून थेट नाराला जाणार असाल तर एक बारीक गोष्ट: मियाकोजी ही जलद गाडी इनारीला थांबत नाही, त्यामुळे साधी गाडी पकडावी लागते, आणि जलद हवी असेल तर पुढे बदलावी लागते. पण डोंगर चढून उतरलेले पाय घेऊन नारात निगात्सुदोपर्यंत जायचा उत्साह कितपत राहील याबद्दल मला शंका आहे. मग पुन्हा तेच, बुद्ध बघितला, हरणं बघितली, फिरलो. शिनकान्सेन रात्री बारा ते सकाळी सहा चालत नाही आणि टोकियोच्या शेवटच्या गाड्या त्याच्या बऱ्याच आधी सुटतात, हेही धरून चाला.

नाराच ठरलं असेल तर किंतेत्सु या खाजगी रेल्वेने जा असं सुचवेन. जेआर पास असेल तर जेआर फुकट पडतं म्हणून लोक तिकडे जातात, पण किंतेत्सु नारा स्टेशन हरणांच्या बागेला जवळ आहे. जेआर नाराहून तोदाइजीपर्यंत चांगलंच लांब चालावं लागतं किंवा बस धरावी लागते. शिवाय परतताना किंतेत्सुची गाडी क्योटो स्टेशनच्या दक्षिण बाजूलाच सोडते, शिनकान्सेनच्या खाली. सकाळी लॉकर शोधताना फक्त हाचिजो बाजूलाच शोधा, मिळाला तर संध्याकाळचा अर्धा त्रास वाचतो. निघताना आधी कासुगा आणि निगात्सुदो करा, बुद्ध शेवटी. उलट क्रमाने गेल्यावर वेळ कमी पडला तरी बुद्ध सुटत नाही, कारण तो परतीच्या वाटेवर आहे. आणि शक्य असेल तर नारा क्योटोच्या मधल्या एखाद्या दिवशी टाका, जेव्हा संध्याकाळी त्याच खोलीत परत यायचं असतं. तसं केलंत तर शेवटचा दिवस आपोआप इनारीकडे जातो आणि ही सगळी तुलना करायची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट इनारीच्या बाजूने, थोडी बाजूची. पहाटे डोंगर करून दुपारी बारा-एकची नोझोमी (सर्वांत जलद शिनकान्सेन) पकडलीत तर टोकियोपर्यंतचा सव्वादोन तासांचा प्रवास उजेडात होतो. क्योटोहून टोकियोकडे जाताना फुजी डावीकडे दिसतो. दोन सीटांच्या बाजूची खिडकी, म्हणजे ई सीट, राखून ठेवा आणि टोकियोच्या साधारण पाऊण तास आधी खिडकीवरचा पडदा वर करा. नाराहून परतून संध्याकाळची गाडी धरली तर, निदान हिवाळ्यात, बाहेर काळोख असतो. हिवाळ्यात हवा स्वच्छ असल्यामुळे हा मुद्दा वजनदार आहे. जून-जुलैत पावसाळी ढगांत फुजी बहुतेक दिसतच नाही, तेव्हा तो हिशेबात धरू नका. त्या दिवसांत बॅग आदल्या दिवशी पाठवता येत असेल तर छत्री घ्या आणि नाराला जा.